होडीवरच्या बॅटरीचा कारभार

सातपाटीपासून मालवणापर्यंत कोकणच्या किनाऱ्यावर ज्या लहान यांत्रिक नौका रोज समुद्रात उतरतात, त्यांच्या मालकांस इंजिनाची, जाळ्याची आणि डिझेलच्या भावाची जेवढी चिंता असते तिच्या दशांशानेही बॅटरीची नसते. आणि हे एका अर्थी स्वाभाविकच आहे, कारण इंजिन बिघडू लागले म्हणजे धूर सोडते, जाळे विरू लागले म्हणजे हाताला कळते, पण बॅटरी मात्र आतल्या आत झिजत असता कोणतीच तक्रार करीत नाही, आणि ज्या पहाटे सेल्फ मारताच इंजिनाच्या बाजूने नुसता ‘कट्’ असा आवाज येतो, त्या पहाटेपर्यंत सर्व काही यथास्थित आहे अशीच समजूत राहते. किनाऱ्याजवळ ही घटना गैरसोयीची असते. दूरच्या पाण्यात, रात्री, मुंबई व न्हावाशेवा बंदरांकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजांच्या वाटेलगत जाळे लावून नांगरावर उभे असता ती जिवावर बेतू शकते, कारण तेथे केवळ इंजिनच नव्हे, तर मासेमारीची नौका म्हणून आपली ओळख पटवणारा वरचा तांबडा व खालचा पांढरा दिवा, व्हीएचएफ रेडिओ आणि होडीच्या तळाशी साचणारे पाणी उपसणारा पंप, ही सारी त्याच एका पेटीच्या भरवशावर असतात.

म्हणून बॅटरीची निवड व निगा हा विषय मी थोड्या विस्ताराने मांडीत आहे. त्यातील मुख्य गोष्ट आरंभीच सांगतो. होडीवरच्या बहुसंख्य बॅटऱ्या म्हाताऱ्या होऊन मरत नाहीत. त्या अर्धपोटी ठेवल्यामुळे मरतात. हे एकदा मनावर ठसले की पुढचा बहुतेक बंदोबस्त आपोआप सुचत जातो.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी पेटीच्या आत काय चालते ते थोडे पाहिले पाहिजे. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली जी शिसे-आम्ल बॅटरी सिद्ध केली, तिचे मूलतत्त्व आजही तेच आहे: शिशाच्या व शिशाच्या ऑक्साइडच्या प्लेटी सौम्य गंधकाम्लात बुडवलेल्या असतात, आणि वीज बाहेर जाऊ लागली म्हणजे आम्लातला गंधकाचा अंश प्लेटींवर शिशाच्या सल्फेटच्या रूपाने बसू लागतो. वीज परत भरली की हा थर विरघळून आम्लात जातो. परंतु भरणा तत्काळ झाला नाही, तर त्या मृदू थराचे काही दिवसांत कठीण स्फटिक बनू लागतात, आणि मग कितीही वेळ चार्जिंगला लावली तरी ते पुरते विरघळत नाहीत. प्लेटीचा तेवढा भाग कायमचा बाद होतो. ज्या बॅटरीतून संध्याकाळी खर्च होतो आणि सकाळी अर्धामुर्धाच भरणा होतो, तिच्या प्लेटींवर असा थोडा थोडा सल्फेट रोज शिल्लक पडत जातो, आणि एरवी चार-पाच वर्षे चालू शकणारी बॅटरी दुसऱ्याच हंगामात टाकून द्यावी लागते. दुकानदारास दोष दिला जातो, कंपनीस दिला जातो. दोष बहुधा भरण्याच्या पद्धतीत असतो.

आता निवडीकडे वळू. होडीवर बॅटरीला दोन कामे असतात आणि ती परस्परविरोधी आहेत. इंजिन चालू करण्यासाठी काही सेकंदांपुरता दोनशे-तीनशे अँपिअरचा जबर प्रवाह लागतो, पण एकंदर खर्च अत्यल्प असतो. उलट दिवे, रेडिओ, मासे शोधण्याचे यंत्र यांना दोन-तीन अँपिअरच पुरतात, पण ते रात्रभर अव्याहत लागतात. पहिल्या कामासाठी जी बॅटरी बनते, म्हणजे ट्रकची वा ट्रॅक्टरची बॅटरी, तिच्यात प्लेटी पातळ व संख्येने जास्त असतात, कारण जितका पृष्ठभाग मोठा तितका प्रवाह जोरकस. पण ह्याच पातळ प्लेटी रोज खोलवर उपसल्या तर त्यांवरील लेप सुटून तळाशी गाळ साचतो. दुसऱ्या कामासाठी जाड प्लेटींची, किंवा आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टरला लावतात तशी ट्यूब्युलर बॅटरी योग्य, कारण तिच्या धन प्लेटीतला लेप नळ्यांच्या वेष्टनात धरून ठेवलेला असतो आणि वारंवारचा उपसा ती सोसते. म्हणून माझा आग्रह असा की नौका कितीही लहान असो, इंजिनाची बॅटरी आणि दिव्यांची बॅटरी या दोन स्वतंत्र असाव्यात, त्यांच्यामध्ये निवड करणारा चांगला स्विच असावा, आणि नांगरावर असताना दिव्यांनी इंजिनाच्या बॅटरीला स्पर्शही करू नये असा तांडेलाचा सक्त हुकूम असावा. जेथे जागेअभावी किंवा पैशाअभावी एकच बॅटरी ठेवणे भाग आहे, तेथे निदान हँडल मारून इंजिन चालू करण्याची सोय शाबूत ठेवावी. ती काढून टाकण्याची आजकालची घाई मला धोक्याची वाटते.

दुकानात इंजिनाच्या बॅटरीबाबत ‘कोल्ड क्रँकिंग’चा एक आकडा मोठ्या अभिमानाने दाखवला जातो. तो आकडा उणे १८ अंश सेल्सिअस तापमानावर मोजलेला असतो, आणि कोकणात त्या थंडीशी आपला संबंध येत नाही. प्रवाहाच्या ऐपतीची तुलना करण्यापुरता तो उपयोगी आहे; इंजिनाच्या निर्मात्याने सांगितलेल्या किमान आकड्याहून थोडा वर असला म्हणजे पुरे. आपल्या किनाऱ्यावर बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे, कारण तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य स्थूलमानाने निम्म्यावर येते. म्हणून तीच बॅटरी इंजिनाला खेटून बसवणे आणि चार हातांवर वाऱ्याशी बसवणे यांत जो फरक पडतो, तो दोन कंपन्यांच्या मालातील फरकाहून पुष्कळ मोठा असतो.

दिव्यांच्या बॅटरीचा आकार मात्र अंदाजाने ठरवू नये. त्यासाठी प्रथम खर्चाची यादी करावी, जसे घरचे अंदाजपत्रक करतो तसे. आवक ठाऊक होण्याआधी जावक ठाऊक असलीच पाहिजे. समजा, नौका संध्याकाळी जाळ्यावर उभी राहते आणि पहाटे उठते. एलईडीचे चार नौकादीप, प्रत्येकी सुमारे तीन वॅटचे, मिळून एक अँपिअर घेतात. अकरा तासांचे झाले अकरा अँपिअर-तास. कामाच्या वेळचा वीस वॅटचा डेकवरचा दिवा चार तास जळला तर सात. मासे शोधण्याचे यंत्र व जीपीएस मिळून एक अँपिअर, दहा तासांचे दहा. रेडिओ नुसता ऐकत राहण्यात अर्धा अँपिअरही घेत नाही, पण बोलताना पाच-सहा घेतो. दोन्ही मिळून सात धरावेत. पंपाचे दोन. एकूण बेरीज ३७ अँपिअर-तास. आता शिसे-आम्ल बॅटरीतून निम्म्याहून अधिक उपसा करू नये हा अनुभवसिद्ध दंडक पाळला, तर ७४ हवेत. आणि बॅटरी जुनी होत जाते तशी तिची धारणशक्ती घटते, याकरिता चौथा हिस्सा वर धरला, तर सुमारे ९२ येतात, म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. ह्याच हिशेबात नौकादीप जुन्या पद्धतीचे, प्रत्येकी २५ वॅटच्या तारेच्या बल्बचे धरून पाहा: चार दिव्यांचे आठ अँपिअर, अकरा तासांचे ९० अँपिअर-तासांच्या वर, एकट्या दिव्यांचे! मोठी बॅटरी विकत घेण्यापेक्षा दिवे बदलणे किती स्वस्त आहे हे यावरून दिसते. मात्र दिवे घेताना ते नौकादीप म्हणूनच बनवलेले असावेत. बाजारातली साधी पट्टी तांबड्या कागदात गुंडाळून लावल्याने ना अंतर साधते ना कोन.

बॅटरीवर लिहिलेले १०० अँपिअर-तास बहुधा वीस तासांच्या उपशावर मोजलेले असतात, म्हणजे पाच अँपिअर वीस तास. तिच्यातूनच वीस अँपिअर काढू लागलो तर पाच तास मिळत नाहीत, पुष्कळ कमी मिळतात, आणि ही घट किती होते याचे सूत्र पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच मांडून ठेवले आहे. नौकेवर दोर ओढणारी विजेची विंच किंवा जबर प्रकाशझोत असेल तर ही गोष्ट विसरू नये.

बंदिस्त बॅटऱ्यांचे, म्हणजे एजीएम व जेलचे, काही गुण निर्विवाद आहेत. त्यांतले आम्ल सांडत नाही, पाणी घालावे लागत नाही, आणि डुलणाऱ्या लहान होडीत ही मोठीच सोय आहे. पण त्यांना जास्त दाबाने भरल्यास आतले पाणी वायुरूपाने निघून जाते आणि ते परत घालण्याचा मार्गच नसतो; विशेषतः जेलला १४.१ व्होल्टच्या वर नेणे हानिकारक, आणि आपल्या इंजिनांवरचे अल्टरनेटर बहुधा तेवढे किंवा त्याहून जास्त देतात. लिथियमच्या, त्यातही लोह-फॉस्फेट जातीच्या, बॅटऱ्या वजनाने निम्म्याहून हलक्या, जवळजवळ पूर्ण उपसता येण्याजोग्या, आणि अर्धवट भरलेल्या राहिल्या तरी बिघडणाऱ्या नव्हेत. वर सांगितलेला सल्फेटचा रोग त्यांना नाहीच. किंमत जास्त, पण हजारो फेरे चालतात, तेव्हा ती फिटते. असे असूनही त्या साध्या अल्टरनेटरला थेट जोडू नयेत, कारण त्या मागतील तेवढा प्रवाह द्यायला जाऊन तो तापतो व जळतो, आणि आतल्या संरक्षक मंडलाने मध्येच प्रवाह तोडला तर त्याचे डायोड उडतात; मध्ये प्रवाह मर्यादित करणारा चार्जर हवा, आणि जोडणी जाणकाराकडून झाली पाहिजे. ज्या बंदरात असा जाणकार हाताशी नाही, तेथे पाणी घालता येणारी साधी बॅटरी दोषास लवकर उघड करते आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होते वा बदलता येते. म्हणून बहुतेक लहान नौकांसाठी मी आजही तीच सुचवीन.

बसवण्याच्या बाबतीत तीन गोष्टी पुरेशा आहेत, पण त्या काटेकोर पाळाव्यात. १०० अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ३० किलोची असते, आणि लाटेत नौका कलली की एवढे वजन काथ्याच्या दोरीने रोखले जात नाही. आम्लाने न खाल्ली जाणारी प्लास्टिकची वा फायबरची पेटी, तिला पक्के पट्टे, आणि ती तळाच्या पाण्याच्या पातळीहून निश्चित वर, अशी तजवीज हवी. खारे पाणी बॅटरीत शिरले तर त्यातून क्लोरीन वायू निर्माण होतो व बंद केबिनमध्ये तो माणसाचा श्वास कोंडतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. दुसरी गोष्ट हवेची. भरणा होत असता बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो हवेहून फार हलका असल्याने वर जातो, आणि हवेत त्याचे प्रमाण शेकडा चारवर गेले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून पेटीच्या झाकणाला सर्वांत वरच्या भागी वाट ठेवावी, आणि बॅटरीजवळ विडी ओढण्यास खलाशांना सक्त मनाई असावी. तिसरी गोष्ट फ्यूजची: धन टोकापासून शक्य तितक्या जवळ तो नसेल, तर एक घासलेली वायर पुरी नौका पेटवू शकते.

वायरींबाबत मात्र जरा थांबावेसे वाटते, कारण येथेच पैसे वाचवले जातात आणि येथेच बॅटरीची नाहक बदनामी होते. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत जाऊन-येऊन चार मीटर लांबीची वायर आहे आणि तीनशे अँपिअर वाहतात असे धरले, तर ५० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत सुमारे ०.४ व्होल्ट वाटेत जिरतात, पण १६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत १.३ व्होल्ट. बारा व्होल्टांत ही तूट फार मोठी आहे. संशय आला तर साध्या मीटरने पाहावे: एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने प्रथम बॅटरीच्या टोकांवर व मग स्टार्टरच्या टोकांवर मीटर धरावा. बॅटरीवर १०.५ आणि स्टार्टरवर ९ दिसले, तर नवी बॅटरी आणून काहीही साधणार नाही. दोष वायरीत, तिच्या टोकाच्या लगमध्ये किंवा इंजिनाच्या अर्थिंगच्या बोल्टात आहे. समुद्राच्या हवेत उघडे तांबे काळे पडून आतपर्यंत कुजते, म्हणून कथिलाचा मुलामा असलेली वायर घ्यावी, लग यंत्राने दाबून बसवावेत आणि वर आवळून बसणारी नळी चढवावी.

भरणा हा कारभाराचा गाभा. जाळ्यावरून बंदरापर्यंत येण्यास दीड तास लागतो आणि तेवढ्यात अल्टरनेटरने बॅटरी भरली, अशी समजूत सर्वत्र आहे; ती चूक आहे. पहिला बराचसा भाग बॅटरी झपाट्याने घेते हे खरे, पण शेवटचा पाचवा हिस्सा ती अतिशय सावकाश स्वीकारते, तो भरायला कित्येक तास लागतात, आणि अल्टरनेटर कितीही मोठा बसवला तरी हा वेळ वाचत नाही. वरच्या उदाहरणातले ३७ अँपिअर-तास परत मिळवायला प्रत्यक्षात त्रेचाळीस-चव्वेचाळीस द्यावे लागतात, कारण काही अंश उष्णतेत व वायूत जातो. यावर दोन उपाय आहेत. एक, नौका धक्क्याला असता आठवड्यातून एकदा रात्रभर चार्जरला लावावी, १४.४ व्होल्टपर्यंत नेऊन नंतर १३.५ च्या आसपास आपोआप उतरणाऱ्या चार्जरला. दुसरा, आणि माझ्या मते लहान नौकेस सर्वांत लाभदायक, म्हणजे केबिनच्या छपरावर १०० वॅटचे सोलर पॅनेल व त्याचा कंट्रोलर. स्वच्छ उन्हाच्या दिवशी ते पंचवीस-तीस अँपिअर-तास देते, आणि शेवटच्या पाचव्या हिश्शाला जसा मंद, दीर्घ भरणा हवा असतो नेमका तसाच देते. इंजिन चालू असता बॅटरीचा स्विच मात्र कधीही बंद करू नये. अल्टरनेटरचे डायोड त्या क्षणी जातात.

आता निगेची गोष्ट. पाणी घालायच्या बॅटरीची झाकणे पंधरा दिवसांतून एकदा उघडावीत. आत डोकावताना डोळ्यांवर चष्मा असावा, आणि पातळी पाहण्यासाठी काडी पेटवण्याचे धाडस कोणी करू नये, टॉर्च वापरावा. प्लेटी उघड्या पडलेल्या दिसता कामा नयेत. पडल्या असतील तर डिस्टिल्ड वॉटर घालावे, विहिरीचे नव्हे, नळाचेही नव्हे, आणि आम्ल तर कधीच नव्हे, कारण उडून जाते ते पाणी, आम्ल जागच्या जागीच असते. उघड्या प्लेटी झाकण्यापुरतेच पाणी भरण्याआधी घालावे, बाकीचे भरणा झाल्यावर, नाहीतर भरताना पातळी चढून ते बाहेर येते.

आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजणारा हायड्रोमीटर हे अल्प किमतीचे साधन प्रत्येक तांडेलाजवळ असावे. रबरी फुगा दाबून काचेच्या नळीत थोडे आम्ल ओढले की आतला तरंगता काटा वर येतो. नळी सरळ उभी धरून, काटा काचेला चिकटलेला नाही हे पाहून, द्रवाच्या पृष्ठभागाशी डोळा समपातळीत आणून वाचन घ्यावे. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ते १.२४० ते १.२८० यांच्या दरम्यान येते, कोणती संख्या हे निर्मात्याने किती तीव्र आम्ल भरले आहे त्यावर अवलंबून. म्हणून नवी बॅटरी प्रथम पूर्ण भरली की तिच्या सहाही घरांचे (सेलचे) वाचन वहीत तारखेसह नोंदवून ठेवावे, तीच पुढची कसोटी. पुढे सर्व घरे सारखीच उतरलेली दिसली तर भरणा अपुरा आहे. पाच घरे १.२५० आणि एकच १.१९० असे दिसले, आणि पुरता भरणा देऊनही फरक मिटला नाही, तर ते घर जायला लागले आहे, आणि ही सूचना सेल्फ बंद पडण्याच्या पुष्कळ आधी मिळते. बंदिस्त बॅटरीत हे पाहता येत नाही. तेथे चार्जिंग काढून, काहीही चालू न ठेवता, चार-पाच तासांनी मीटर लावावा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ म्हणजे रिकामी होत आलेली. इंजिन बंद करताच घेतलेले वाचन विश्वासार्ह नसते.

टर्मिनलांवर जमणारा पांढरा-हिरवा क्षार कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवावा, पण झाकणे घट्ट लावलेली आहेत याची खात्री करूनच, कारण सोडा आत गेल्यास तो आम्लच निकामी करतो. मग ब्रशाने धातू चकचकीत करून, आधी जोड घट्ट आवळून, नंतर वरून व्हॅसलीन चोळावे. सोडताना ऋण टोक आधी, जोडताना ते शेवटी. पान्ह्याच्या दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली असावी. जुनी व नवी, किंवा दोन भिन्न जातींच्या बॅटऱ्या एकत्र जोडू नयेत. दुर्बळ असते ती सबळ असलेलीला ओढून नेते.

मासेमारीच्या पावसाळी बंदीचा काळ हा बॅटरीच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत नाजूक. होडी शाकारून किनाऱ्यावर ओढली जाते, माणसे जाळी विणण्यात गुंततात, आणि बॅटरी होडीतच राहते. ती काहीही न करता आपला संचय महिन्याला शेकडा तीन-पाच, उकाड्यात त्याहूनही जास्त, घालवीत असते, आणि जीपीएस वा एखादे घड्याळ जोडलेलेच राहिले तर पुरती संपते. म्हणून होडी ओढल्याच्या दिवशीच बॅटरी काढावी, धुवून पुसावी, पूर्ण भरावी, वाचन नोंदवावे, आणि कोरड्या, सावलीच्या, वारा खेळत्या जागी ठेवावी. जमिनीवर ठेवली तर ती उतरते ही समजूत जुन्या लाकडी वा रबरी पेट्यांच्या काळची, आजच्या प्लास्टिकच्या पेटीस ती लागू नाही. महिन्यातून एकदा चार्जरला लावावी. नारळी पौर्णिमेच्या पूजेआधी आठवडाभर ती पुन्हा पूर्ण भरून, सहाही घरे तपासून, बारा तास तशीच ठेवून मीटर लावावा, १२.५ च्या खाली आली तर बदलीचा निर्णय किनाऱ्यावरच घ्यावा, कारण त्या वेळी दुकाने हाकेच्या अंतरावर असतात.

काढून टाकलेल्या बॅटरीतले आम्ल वाळूत किंवा खाडीत ओतण्याचा प्रकार काही बंदरांत अजून दिसतो. त्यात विरघळलेले शिसे असते, ते गाळात राहते, आणि त्याच गाळात आपली कालवे व तिसऱ्या वाढतात. जुनी बॅटरी आम्लासकट, झाकणे लावून, उभीच ठेवून विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२ च्या नियमांनुसार ती परत घेऊन पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकलेली आहे, तिच्यातले जवळजवळ सर्व शिसे पुन्हा उपयोगात येते, आणि नव्या बॅटरीच्या किमतीत जुनीचा मोबदला वजा करून मिळतो. तेवढे बिलावर लिहून घ्यावे.